हुंदके गाळलेला आवाज

आजीचा खरा आवाज मी दाराआडून ऐकला.

रोजचा तिचा आवाज वेगळा होता. 'पाय पूस', 'दूध सांडू नकोस', 'काचेला नाक लावू नकोस' असं म्हणणारा, कोरडा, शिळ्या पावाच्या कडेसारखा. त्या दिवशी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलेलं होतं आणि आतून कुणीतरी गात होतं. गाणं म्हणावं, तर श्वास मधेच तुटत होता. रडणं म्हणावं, तर शब्द एकामागून एक दोऱ्यात ओवल्यासारखे येत होते.

उबेच्या ओच्यातलं माझं पाखरू इवलं,
वाटेच्या वाऱ्यानं गं कुठं ते निववलं...
दारं उघडा बायांनो, पैलाडच्या बायांनो,
उंबरा ऊन करा गं, त्याला पायमोजे नाहीत...

मी फटीला डोळा लावला. नास्तोआजी बाकावर बसली होती. डोक्याचा रुमाल पुढे ओढून तिनं डोळे झाकून घेतले होते आणि ती डुलत होती, वारा नसताना झाड डुलावं तशी. चुलीपाशी ओकुलीमावशी पाठमोरी उभी होती, दोन्ही हात मागे घट्ट बांधून. तेवढ्यात आईनं माझा दंड धरला आणि मला बाहेर बर्फात आणून उभं केलं.

"आजी कुणासाठी रडते?"

"गेलेल्यासाठी."

"कोण गेलं?"

"नाव विचारायचं नसतं," आई म्हणाली. "विलापात नाव घेत नाहीत. नाव घेतलं की गेलेला मागे वळून बघतो. मग त्याला पुढची वाट सापडत नाही."

आम्हा करेलियन लोकांची ही रीत. युद्धात फिनलंडची सीमा सरकली आणि आमचं गाव पलीकडे रशियात राहिलं, तेव्हा आजीनं इकडे येताना चहाचं पाणी उकळायचा एक सामोवार आणला, एक देवाची तसबीर आणली आणि हे रडणं आणलं. सामोवारला पुढे गळती लागली. रडणं शाबूत राहिलं. माणूस गेलं की आसपासच्या गावांतून तिला बोलावणं यायचं, कारण ज्याच्यासाठी कुणी विलाप केला नाही त्याला पैलाडची दारं उघडत नाहीत, अशी आमच्याकडची समजूत. विद्यापीठाची माणसं एकदा ध्वनिमुद्रणाचं जडशीळ यंत्र घेऊन तिच्या स्वयंपाकघरात आली होती. तिनं आधी त्यांना कॉफी पाजली, मग त्यांच्या बुटांच्या चिखलावरून बोलली आणि मग रुमाल पुढे ओढला.

पुढे आजी गेली. मी शिकले, नोकरीला लागले, केस पिकायला लागले. आणि तोच आवाज एका सकाळी हेडफोनमधून माझ्या कानात परत आला.

योएनसू शहरात नदीकाठी आमच्या विद्यापीठाचं एक केंद्र आहे. दारावरच्या पाटीत त्याचं नाव दोन ओळींत कसंबसं मावतं: समाजासाठी डिजिटल परिवर्तन संशोधन केंद्र. आई त्याला 'तुझं ते समाज बदलायचं दुकान' म्हणते. "आज किती बदलला गं समाज?" असं ती मला फोनवर विचारते आणि उत्तराची वाट न बघता कोबीबद्दल बोलायला लागते.

आमच्या गटाचं काम म्हाताऱ्या माणसांशी होतं. म्हातारपणी डोकं विसरायला लागलं की नंतर शिकलेली भाषा आधी जाते. इकडे येऊन शिकलेली फिनिश गळून पडते आणि खाली पाळण्यातली करेलियन उरते. वृद्धाश्रमातल्या तरुण नर्सना ती येत नाही. म्हातारी पाणी मागते की पांघरूण, कळत नाही. म्हणून आम्ही एक डबी तयार करत होतो. कॉफीच्या डब्याएवढी, पांढरी. म्हातारी बोलली की डबी ऐकणार, नर्सच्या स्क्रीनवर फिनिशमध्ये मजकूर उमटणार आणि डबी स्वतःही चार शब्द बोलणार. करेलियनमध्ये, मायेनं. कल्पना आर्नोची होती, आमच्या प्रकल्पप्रमुखाची. त्याचे आजोबा शेवटी काय म्हणत होते ते त्याला कधीच कळलं नव्हतं.

बोलायला आवाज हवा होता. जिवंत माणसांचे आवाज थकलेले होते. आर्नोनं विद्यापीठाच्या संग्रहातून जुन्या फिती काढल्या आणि सगळ्यांत स्पष्ट, सगळ्यांत भरपूर बोललेली बाई निघाली नास्तो. माझी आजी.

मी संमतीसाठी आईकडे गेले, तर ती हसत सुटली. "म्हणजे माझ्या आईला मेल्यावर नोकरी लागली म्हण! जिवंतपणी बाईला गोठा सुटला नाही. घ्या, घ्या आवाज. नाहीतरी तो घरी कुणाच्या कामाचा होता?" आणि सही करताना हळूच म्हणाली, "तिला जरा सांभाळून वापरा."

साफसफाई माझ्याकडे आली. यंत्राला शिकवायचं तर आवाज स्वच्छ लागतो. खोकला, बाकाची करकर, कपबशीचा आवाज, बाहेर भुंकणारं कुत्रं, सगळं काढून टाकायचं. हुंदकेही काढायचे. यंत्र त्यांना शब्द समजून गोंधळतं. आजीच्या प्रत्येक ओळीत दोन-दोन हुंदके होते. मी एकेक उचलून बाजूला ठेवत गेले. टाकून द्यायचे होते, पण माझ्यानं टाकवेना. एका वेगळ्या फाइलमध्ये ते नुसते साठत राहिले, शब्दांवाचून, एकामागे एक.

उरला तो आवाज आजीचा होता आणि नव्हता. आर्नोनं पहिल्यांदा तो चालू केला. "अंगाला ऊब आहे ना, लेकरा?" डबी म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खिडकीपाशी जाऊन नदीवरचा बर्फ बघत बसले.

ओकुलीमावशी आईची थोरली बहीण. तिचा जन्म तिकडचा, आईचा इकडचा, युद्ध संपल्यावरचा. दोघींच्या मधे एक बाळ होतं, ते गाव सोडताना वाटेत गेलं, एवढंच आमच्या घरात माहीत होतं. त्याचं नाव कुणी घेत नव्हतं, म्हणून मला ते ठाऊकच नव्हतं. मावशीनं लग्न केलं नाही. जन्मभर बेकरीत पाव भाजले. हात कसे लोखंडाचे, पण कुणी तान्हं मूल पुढे केलं की ते हात लगेच पाठीमागे जायचे. माझ्या बाप्तिस्म्याच्या फोटोत सगळे माझ्याकडे बघतायत. मावशी एकटी कॅमेऱ्याकडे बघते आहे, हात मागे. बायका म्हणायच्या, ओकुलीला पोरांचा तिटकारा आहे. आणि हीच मावशी दर नाताळला नात्यातल्या प्रत्येक बाळासाठी लोकरीचे पायमोजे विणायची, अंगठ्याएवढे. स्वतः नाही घालायची. दारातूनच द्यायची.

आता ती वृद्धाश्रमात होती आणि तिची फिनिश गळून गेली होती. त्या हिवाळ्यात तिथली नर्स हान्नेले हिचा आईला फोन आला. आम्ही दोघी गेलो.

"बघा ना," हान्नेले म्हणाली, "यांना झोपच नाही. झोप येत नाही असं नाही, येऊ देत नाहीत. डोळा मिटायला लागला की दंडाला चिमटा काढतात. निळा केलाय सगळा. आणि हात असे."

मावशी खिडकीपाशी खुर्चीत होती. दोन्ही हात छातीशी घेतलेले, कोपरात वाकवलेले, मधे पोकळी. बाळ धरावं तसे. त्या पोकळीत काही नव्हतं.

"जेवायला घालताना हात सोडवायला गेलं तर चावल्या मला," हान्नेले म्हणाली. तिच्या सुरात राग नव्हता. "डॉक्टर म्हणतात, असं जागं राहून हृदय नाही टिकायचं. झोपेचं औषध दिलं तर त्याच्याशीही भांडतात, थुंकून टाकतात. सारखं काहीतरी सांगत असतात, मला कळत नाही. तुमची ती डबी इथं ठेवता येईल का?"

मी आईकडे बघितलं. आई मावशीच्या हातांकडे बघत होती. त्या दिवशी परतीच्या वाटेत तिनं कोबीचा विषय काढला नाही.

डबी आणून मावशीच्या खिडकीत ठेवली, जिरेनियमच्या कुंडीशेजारी. आर्नो स्वतः आला होता, नवे बूट दारात काढून, मोज्यांवर. हान्नेले स्क्रीन घेऊन पलंगावर बसली. आई आली नव्हती. पिराक्का भाजायच्या आहेत म्हणाली.

"अंगाला ऊब आहे ना, लेकरा?" डबी म्हणाली.

मावशीची मान वळली. इतक्या वेगानं की मला वाटलं पडेल. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या तशाच होत्या, पण त्यांच्या आतून कुणीतरी सात वर्षांची मुलगी बाहेर डोकावली.

"आई," ती म्हणाली. "आई, मी जागी आहे."

हान्नेलेच्या स्क्रीनवर अक्षरं उमटली. तिनं ती वाचली आणि तोंडावर हात धरला. आर्नो हसला, खांदे सैल सोडून, काम झाल्यावर माणूस हसतो तसं.

"मी जागी आहे," मावशी पुन्हा म्हणाली. "झोपले नाही हं मी. बघ ना, मी चिमटा काढतेय."

"छान, छान. कॉफी घेतेस का?" डबी म्हणाली.

आर्नोचं हसू तिथंच थांबलं.

दोन-तीन दिवस मी रोज कामाहून तिकडे जात राहिले. मावशी डबीशी बोलत होती. आम्ही सगळ्यांनी जन्मभरात मिळून ऐकलं नसेल इतकं बोलत होती. गाव सोडतानाच्या आगगाडीबद्दल बोलली, गुरं नेतात त्या डब्याबद्दल. फळ्यांच्या फटीतून येणाऱ्या पावसाबद्दल. सामोवार कुणाच्या तरी पायावर पडला त्याबद्दल, आणि ते आठवून हसलीसुद्धा. मग एका दुपारी ती पुढे झुकली आणि डबीच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाली:

"आई, तेवढाच डोळा लागला गं. त्या लांब पुलावर. गाडी हळू झाली ना, तेव्हा. तू सांगितलं होतंस, ऊब दे, मी देत होते. गात होते. तेवढाच डोळा लागला. मग गाडीतून उतरल्यावर तू त्याला घेतलंस आणि ओरडलीस. माझ्यामुळे गेला का तो?"

डबीत हिरवा दिवा लुकलुकला. यंत्र शोधत होतं. मग माझ्या आजीचा आवाज आला, स्वच्छ, गुळगुळीत:

"अंगाला ऊब आहे ना, लेकरा?"

"मला आहे," मावशी म्हणाली. "त्याला नव्हती."

हान्नेलेनं स्क्रीन उलटा करून ठेवला. मी बाहेर आले आणि कॉरिडॉरमध्ये लावलेली आठवड्याच्या जेवणाची यादी पुन्हा पुन्हा वाचत राहिले, वाटाण्याचं सूप, पॅनकेक, मासा.

डबी काढून टाकावी, तर मावशी 'आई गेली, आई गेली' म्हणून रडायची. ठेवावी, तर तोच प्रश्न. झोप नाहीच.

"एक करता येईल," आर्नो म्हणाला. आम्ही केंद्राच्या स्वयंपाकघरात उभे होतो, त्याच्या हातातली कॉफी गार झाली होती. "तू एक वाक्य लिही. फक्त एक. 'लेकरा, तुझा दोष नाही, झोप आता.' डबी ते म्हणेल. तिच्या आवाजात."

"ते आजी कधी म्हणाली नाही, आर्नो."

"माहीत आहे." त्यानं कप सिंकमध्ये ओतला. "पण तुझी मावशी ऐंशी वर्षं त्याचीच वाट बघतेय ना? आपण वाईट करतोय का? खरंच विचारतोय. मला माहीत नाही."

मलाही माहीत नव्हतं. म्हणून मी आईकडे गेले.

आईच्या ओट्यावर राय पिठाच्या पातळ पाऱ्या पसरल्या होत्या आणि ती भाताचं सारण घालून त्यांच्या कडा चिमटत होती. पिराक्काच्या कडा आईसारख्या आमच्याकडे कुणाला जमत नाहीत. ती न बघता चिमटते.

मी सांगितलं. बोटं थांबली.

"काय म्हणाली ती? शब्दन् शब्द सांग."

मी शब्दन् शब्द सांगितलं. पुलाचं, डोळा लागल्याचं. आई ऐकत उभी राहिली. मग तिनं पुढची पारी घेतली आणि ती फाडली. चुकून नव्हे.

"आणि तुझा तो आर्नो काय म्हणतो? आईच्या तोंडी शब्द घालायचे?"

"फक्त एवढंच, की तुझा दोष नाही."

"नाही घालायचे."

"आई, ती मरेल अशानं. झोपेवाचून. तिला कुणीतरी सांगायला हवंय."

"कुणीतरी म्हणजे डबी?" आई माझ्यावर खेकसली. "माझी आई जिवंतपणी जे बोलली नाही ते तुम्ही तिच्याकडून मेल्यावर बोलवून घेणार? लाज नाही वाटत? जिवंत होती तेव्हा तिनं तोंड मिटून घेतलं, मग मिटलेलंच राहू दे!"

"म्हणजे मावशीचा दोष होता?"

"मी असं म्हटलं?"

"मग काय?"

आई ओव्हनकडे वळली. "करपतील आता या."

ओव्हन अजून चालूसुद्धा केलेला नव्हता. मला एकदम ती दुपार आठवली, मी सतरा वर्षांची होते तेव्हाची. आजी शेवटच्या दुखण्यात होती. आई एकटी आत तिच्यापाशी बसली होती, दार लावून. मी बाहेर बाकावर. कितीतरी वेळानं आई बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्यावरचा रुमाल ओला होता. "काय म्हणाली आजी?" मी विचारलं होतं. "पाणी मागितलं," आई म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य लिहिलं. मी काही फार मोठ्या मनाची बाई नाही. मावशीचा निळा दंड डोळ्यांपुढून हलत नव्हता. हेडफोन लावले आणि आधी स्वतः ऐकून बघितलं.

"लेकरा, तुझा दोष नाही. झोप आता."

कुठं अडखळणं नाही, कुठं श्वास अडकणं नाही. फलाट बदलल्याची सूचना द्यावी तसं. मी पुन्हा ऐकलं. आजीला हे वाक्य म्हणायचंच असतं, तर ते असं आलं असतं का? 'लेकरा' म्हणेपर्यंतच ती तीनदा तुटली असती.

मी ते वाक्य पुसलं आणि ती दुसरी फाइल उघडली, हुंदक्यांची. ती मी कधी सलग ऐकली नव्हती. शब्द काढून घेतल्यावर रडणाऱ्या बाईचं जे उरतं, तेवढंच त्यात होतं. आत ओढलेला श्वास, तो अडकतो ती जागा, आणि सुटणं. पुन्हा आत. पुन्हा अडकणं. कुणीतरी दार ढकलत असावं आणि ते उघडत नसावं.

लॅपटॉप बगलेत मारून मी आईच्या घरी गेले. ती कोट न काढताच स्वयंपाकघरात बसली होती. कुठं जायची निघाली होती की कुठून परत आली होती, मी विचारलं नाही. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि फाइल चालू केली.

आई ऐकत राहिली. आधी तिला कळलं नाही. मग कळलं. तिनं टेबलाची कड धरली.

"हे कुठलं?"

"तिच्या विलापातलं. आम्ही गाळून टाकलेलं."

"का?"

"शब्द नव्हते म्हणून."

हुंदके चालूच होते. आई त्यांच्याबरोबर श्वास घेत होती, तिच्याही नकळत. मग म्हणाली, "शेवटी अशीच रडली ती माझ्यापाशी. शब्द थोडे, हेच जास्त." आणि लॅपटॉपवर पालथा हात ठेवून, एखाद्या मुलाला थोपटावं तसं थोपटून, म्हणाली, "बंद कर, ताइना. कळलं मला. चल."

"कुठं?"

"अक्काकडे. उजेड आहे तोवर."

वृद्धाश्रमात दुपारची कॉफी चालली होती. मावशीच्या खोलीत तिचा कप तसाच होता, साय धरलेला. हात छातीशी, मधे ती पोकळी. चेहरा आणखी लहान झाला होता.

"हान्नेले," आई म्हणाली, "त्या डबीची वायर काढा."

"काढली की त्या रडतात हो."

"रडू दे. तेवढ्यासाठीच आलेय मी."

हिरवा दिवा विझला. मावशीनं कुंडीकडे बघितलं, मग आमच्याकडे. "आई गेली?"

"आई केव्हाच गेली, अक्का." आई खुर्ची ओढून तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. ती करेलियनमध्ये बोलत होती. तिची करेलियन मी वर्षानुवर्षं ऐकली नव्हती. "मी माउरा."

"कोण माउरा?"

"तुझी धाकटी बहीण. तुझ्या पाठची."

"माझ्या पाठचं हे आहे," मावशी म्हणाली आणि तिनं आपल्या हातांकडे बघितलं. "हळू बोल. झोपलंय."

आईनं खांद्यावरचा रुमाल उचलला, डोक्यावर घेतला, पुढे ओढला, डोळ्यांपर्यंत. मला वाटलं, आता ती विलाप सुरू करणार. आजीचीच लेक ती, तिला येतच असणार. मग तिनं रुमाल मागे सारला, पार काढून टाकला आणि मांडीवर ठेवला.

"हुओती," ती म्हणाली.

मावशीची बोटं हलली. वाटेत गेलेल्या त्या बाळाचं नाव मला त्या क्षणी कळलं.

"हुओती त्याचं नाव. मी त्याला बघितलेलं नाही. पण आईनं मला सांगितलंय, आणि ते मी तुला आज सांगणार आहे. तू ओळख मला किंवा नको ओळखू. अक्का, तो तुझ्या मांडीवर गेला नाही."

"डोळा लागला माझा," मावशी म्हणाली. "पुलावर."

"लागू दे. लागायचाच होता, सात वर्षांची होतीस तू. ऐक. गाडीत चढायच्या आधी स्टेशनवरच्या गोदामात सगळे गवतावर बसून होतात ना? तिथं गेला तो. आईच्या ओच्यात. ताप होता त्याला आधीचाच. वाटेत कुणी मेलेलं कळलं की गाडीवरची माणसं त्याला तिथंच उतरवून ठेवत होती, मिळेल त्या स्टेशनवर. ना आपला धर्मगुरू, ना कुणी रडायला. आईला ते नको होतं. दुसऱ्यांच्या मेलेल्यांसाठी दारं उघडून देणारी ती, स्वतःचं बाळ कसं असंच टाकणार? पण तिच्या हातात राहिला असता तर बायकांनी ओळखलं असतं. तिचे हात थरथरत होते. आणि तिला रडताही येत नव्हतं, रडली असती तर कळलंच असतं. म्हणून तिनं त्याला गुंडाळलं आणि तुझ्याकडे दिलं. म्हणाली, झोपलाय, ऊब दे. तुझ्याकडे तो आला तेव्हाच तो गेलेला होता, अक्का."

बाहेर कुणीतरी बर्फ खरवडत होतं. मावशी आईच्या तोंडाकडे बघत होती, फार दूरचं बघावं तसं.

"मी गात होते," ती म्हणाली. "त्याला आवडायचं."

"हो."

"ऐकत होता तो."

आईचा श्वास आत गेला आणि अडकला. मी तो ओळखला. फाइलमधलाच होता.

"तो नाही गं ऐकत होता," आई म्हणाली. "आई ऐकत होती. सगळी वाट. तेवढंच त्याच्यासाठी कुणी काही म्हणत होतं, आणि तिला तुला 'थांब' म्हणवेना. मरताना हे मला सांगितलं तिनं, आणि वर माझा हात धरून म्हणाली, ओकुलीला कळू देऊ नकोस, ती मला काय म्हणेल. मी नाही कळू दिलं. मेलेल्या आईची लाज राखत बसले आणि जिवंत बहिणीला झोपू दिलं नाही. तू माझ्या पोरीला कधी उचललं नाहीस, का ते मला कळत होतं, तरी मी गप्प बसले. शिव्या दे मला. नंतर दे. आता हात सोड, अक्का. दुखले असतील."